साळूमावशीची झाकलेली डोण

एका जंगलात सगळं होतं, बाळांनो. राजा होता. राजाला दरबार होता. दरबाराला खाती होती आणि खात्यांना शिक्के होते. झाडंही होती, पण ती आपोआप आली होती, म्हणून त्यांचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं.

नीट मांडी घालून बसा. ही गोष्ट स्वच्छतेची आहे, तेव्हा ज्यांची नाकं वाहत असतील त्यांनी आधी ती पुसून घ्या. सदऱ्याच्या बाहीला नको! हं, आता ऐका.

त्या जंगलात नदीच्या वळणावर, भर उन्हाच्या मोकळ्या जागेत एक पाळणाघर होतं. ते साळूमावशी चालवायची. साळू म्हणजे साळिंदर. तिच्या पाठीवर वीतवीत लांब काटे होते. ती चालली की काट्यांचा खुळखुळ असा आवाज व्हायचा आणि तो ऐकला की रडणारी पोरं गप्प व्हायची. भीतीने नव्हे हं. मावशी आली, आता खायला मिळणार, म्हणून.

मावशीला एकच दुःख होतं. अंगात एवढी माया, पण कुणाला जवळ घ्यायची सोय नाही. पोरं लांबूनच मान पुढे करून तिच्या नाकाला नाक लावायची. तेवढ्यावर ती भागवायची.

तिची स्वतःची लेक मोठी होऊन डोंगरापलीकडे गेली होती. जाताना लेकीने लव्हाळ्याची मऊ चटई विणून आईला दिली. "आई, रोज हिच्यावर पडत जा. पाठीला बरं वाटेल." मावशीला भरून आलं. तिने ती चटई पानांत गुंडाळली, वेलीने बांधली आणि ढोलीत वर ठेवून दिली. वापरली तर खराब नाही का होणार? ह्या गोष्टीला सात वर्षं झाली. चटई अजून नवीच्या नवी होती. म्हणजे, असावी. कुणी सोडून पाहिली नव्हती.

पाळणाघरात बावीस पोरं होती. अस्वलीण मधाच्या शोधात जाताना आपलं पोर मावशीकडे सोडायची. चितळीण चरायला जाताना पाडस सोडायची. रानडुकरीण एका दमात आठ पिल्लं आणून ओतायची आणि मागे वळून न बघता पळायची. बिबळीण शिकारीला जाताना यायची. कुणाच्या शिकारीला, ते मात्र विचारू नका. पाळणाघरात तो विषय काढायचा नाही, असा मावशीचा कडक नियम होता.

पोरांना पाणी प्यायला एक दगडी डोण होती. डोण म्हणजे दगडात कोरलेलं लांबट भांडं. त्यात झऱ्याचं पाणी येई आणि पलीकडून वाहून जाई. पाणी चांगलं होतं. भानगड होती ती काठाची. बावीस तोंडं त्या एकाच काठाला लागायची. अस्वलाचं पोर तर पाणी पिऊन झालं तरी काठ चाटत बसायचं. का? असंच. तुम्ही नाही का पेन्सिल चावत?

मग एकाचं पोट बिघडलं की तिसऱ्या दिवशी बावीसच्या बावीस पोटं बिघडायची. मावशी डोण वाळूने घासायची, राखेने घासायची, पुन्हा वाळूने घासायची. ती घासून वळली रे वळली की मागे कुणीतरी काठ चाटायला सुरुवात केलेली असायची.

ही बातमी बगळेसाहेबांपर्यंत गेली. बगळेसाहेब म्हणजे आरोग्य खात्याचे प्रमुख. चिखलात उभं राहूनही अंगावर एक डाग नाही, एवढ्याच गुणावर त्यांना ती जागा मिळाली होती. ते एका पायावर उभे राहून, डोळे मिटून विचार करत. निदान लांबून तसं दिसायचं.

एका सकाळी ते पाळणाघरात आले आणि त्यांनी हुकूम वाचून दाखवला.

"सदर पाळणाघरातील जुलाबांबाबत वारंवार तक्रारी प्राप्त झाल्या आहेत. मोहाची फुले पडू लागेपर्यंत जुलाब न थांबल्यास सदर पाळणाघर कायमचे बंद करण्यात येईल."

मावशीच्या काट्यांना कापरं भरलं. "अहो साहेब, मग पोरं जातील कुठे? त्यांच्या आया दिवसभर बाहेर असतात."

"तो विषय आमच्या खात्याकडे येत नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी उभं राहायचा पाय बदलला.

मावशीने वर पाहिलं. मोहाच्या झाडांना कळ्या धरल्या होत्या.  बावीस पोरं म्हणजे तिचं सगळं होतं. ती गेली की मागे काय उरणार? एक रिकामी डोण आणि ढोलीतली चटई.

आता ह्या गोष्टीत येतो धोंडू सरडा.

धोंडू नदीकाठच्या पांढऱ्या खडकावर दिवसभर ऊन खात बसायचा. जंगल त्याला ऐतखाऊ म्हणायचं. बसल्या बसल्या त्याची मान सारखी खालीवर व्हायची. सरड्यांची होतेच, त्यात त्याचा काही दोष नाही. पण समोर बोलणाऱ्याला वाटायचं, धोंडूला आपलं पटलं. त्यामुळे त्याला मित्र पुष्कळ होते.

मावशी झऱ्यावर रडवेली होऊन हाताची राख धूत होती, तेव्हा धोंडूने तिला हाक मारली.

"मावशे, किती घासशील? इकडं ये, एक गंमत दावतो. हा माझा खडक बघ. उन्हाच्या अंगाला कसा कोरडा ठाक आहे. आता हिकडं सावलीला हात लाव."

मावशीने हात लावला. "ई! किती बुळबुळीत!"

"खडक एकच. मातीबी एकच. मी सात उन्हाळं बघतोय. सगळे म्हणतात धोंडू बसून असतो. अगं, बसल्याबिगर दिसतंय का काही?"

मग त्याने खडकाआडून एक करवंटी काढली. तिच्यात त्या खडकाची वस्त्रगाळ पूड होती, डिंकात कालवलेली. दिसायला चुन्यासारखी, पण चुना नव्हे.

"हे लाव डोणीला. ह्याच्यावर ऊन पडलं की हा लेप जागा होतो. अंगावर बसलेला जंतू जिवंत ठेवत नाही. ऊन गेलं की झोपतो. झोपला की मग त्याच्या उरावर कुणीबी नाचा, त्याला पत्ता नाही."

"आणि पोटातले जंतू?"

"पोटात ऊन पडतंय का मावशे? आजारी पोराला पाला तुझा तूच दे. ह्याचं त्याला आणि त्याचं ह्याला जाणार नाही, एवढंच हा लेप बघतो. पण ऊन पाहिजे. ऊन न्हाई तर काही न्हाई."

धोंडूची मान खालीवर होत होती. मावशीचीही व्हायला लागली.

त्याच दुपारी दोघांनी मिळून डोणीला लेप लावला. काठाला दोनदा लावला. सकाळपर्यंत तो वाळून खडखडीत झाला आणि उजाडल्यावर काय सांगू, बाळांनो! डोण अशी झळकली, अशी झळकली की पोरं पाणी प्यायचं विसरून तिच्यात आपली तोंडं बघत बसली.

कावळ्यांनी ही बातमी न्याहारीच्या आत दरबारात पोचवली. बगळेसाहेब धावत आले. तुम्हाला वाटेल, आता रागावणार. छे! साहेबांना पांढरं काहीही दिसलं की ते आपल्याच खात्याचं वाटायचं. त्यांनी डोणीभोवती एक चक्कर मारली आणि जाहीर केलं, "ही आमच्या खात्याची शुभ्रलेप योजना आहे."

"पण लेप धोंडूने..." मावशी म्हणाली.

"त्यांना तज्ज्ञ म्हणून घेतलेलं आहे," साहेब म्हणाले.

लगेच वाघमहाराजांना बोलावणं गेलं. डोणीभोवती वेल बांधली. महाराजांनी ती दातांनी तोडली. माकडांनी टाळ्या वाजवल्या. महाराजांना ती डोण इतकी आवडली की राजगुहेतल्या डोणीलाही तोच लेप लावायचा हुकूम त्यांनी जागच्या जागी सोडला.

आणि मग, बाळांनो, त्या गर्दीत एक शांतता पसरली. सगळे त्या पांढऱ्याशुभ्र डोणीकडे बघत होते. सगळ्यांच्या मनात एकच विचार आला. तो अस्वलिणीने बोलून दाखवला.

"किती छान आहे गं. खराब होईल बाई!"

"पोरं हात लावणार," चितळीण म्हणाली.

"धूळ बसणार," माकडीण म्हणाली.

"काहीतरी झाकायला हवं," चौथी कुणीतरी म्हणाली. ही चौथी कोण, सांगू? आपली साळूमावशी. ऊन हवं, हे तिला धोंडूने बजावलं होतं. पण नवी वस्तू समोर आली की बजावलेलं आठवत नाही. आणि आठवलं तरी वाटतं, थोडंफार ऊन झिरपेलच की.

जागेवरच बैठक बसली. पळसाच्या पानांचं दुहेरी आच्छादन करायचं ठरलं. मधे पाण्यापुरती फट, बाकी काठ, कड, बाहेरची बाजू, सगळं झाकून. बगळेसाहेबांनी विचारलं, "तज्ज्ञांचं काय मत?"

धोंडू दचकला. 'अजिबात झाकू नका' असं सांगायला त्याने तोंड उघडलं. पण तोंडाआधी त्याची मान हलली. एकदा खाली, एकदा वर. पुन्हा खाली.

"तज्ज्ञ सहमत आहेत," साहेब म्हणाले आणि ढोल सुरू झाले. धोंडू बेंबीच्या देठापासून ओरडत होता. लांबून बघणाऱ्यांना वाटलं, गातोय.

शिंपी पक्ष्यांनी दिवसभरात आच्छादन शिवलं. काय शिवलं होतं! टाका दिसेल तर शपथ. साहेबांनी त्याच्या कोपऱ्यावर लाखेचा शिक्का मारला आणि शेजारी फलक लावला. 'आच्छादन काढणे, उचलणे किंवा सरकवणे हा गुन्हा आहे. असे आढळल्यास पाळणाघर तत्काळ बंद करण्यात येईल.'

मावशी त्या दिवशी समाधानाने जेवली. डोणही झाली आणि डोणीवर झाकणही झालं. आता मोहाची फुलं पडेनात का!

पुढे काय झालं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तुम्ही हुशार आहात. तुमचे वडील कदाचित थोडे उशिरा ओळखतील.

पोरं आता काठाऐवजी पानं चाटू लागली. पानं ओली व्हायची आणि वाळायची नाहीत. दुहेरी पानांच्या मधे जी दमट, गार, अंधारी जागा तयार झाली, तशी जागा त्या जंगलातल्या जंतूंना आजवर कुणी दिली नव्हती. ते सहकुटुंब राहायला आले. चौथ्या दिवशी अस्वलाचं पोर पोट धरून बसलं. सहाव्या दिवशी बावीसच्या बावीस.

मावशी पाला वाटून वाटून थकली. मोहाच्या कळ्या फुगल्या होत्या. ती तरातरा धोंडूच्या खडकावर गेली.

"मेल्या! चांगला लेप दिलास! पोरं आधी आठवड्याने आजारी पडायची, आता रोज पडतात."

"झाकलंय ना वरून?" धोंडूने शांतपणे विचारलं.

"झाकलंय म्हणजे? तूच तर मान हलवलीस!"

"माझी मान हलतेच गं मावशे! मी जन्मलो तेव्हापासून हलतीय! आत्ताबी हलतीय बघ. म्हणून काय तू मला शिव्या देतीस ते मला पटतंय होय?"

 मावशी खाली बसली. मग तिला रडू आलं.

"आता मी काय करू रे? आच्छादन काढलं तर पाळणाघर आजच बंद. नाही काढलं तर फुलं पडली की बंद. आणि झाका म्हणून सगळ्यांत आधी मीच म्हणाले होते."

 धोंडू तिच्याबरोबर डोणीपर्यंत आला. आच्छादनाकडे, शिक्क्याकडे, फलकाकडे बघत उभा राहिला.

तेवढ्यात रानडुकराच्या एका पिल्लाने आच्छादनाची कड तोंडात धरली आणि चोखायला लागलं. मावशीचा पारा चढला. पिल्लावर नाही. आच्छादनावर, साहेबांवर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. साळिंदराला राग आला की काय होतं माहीत आहे? काटे फुलतात. आणि साळिंदर कधी समोरून धावून जात नाही. ते गर्रकन वळतं आणि पाठीमागून जातं. जातीचा स्वभाव तो.

मावशी गर्रकन वळली आणि पाठीमागून थाडकन आच्छादनावर आदळली.

काटे मोकळे करून ती बाजूला झाली, तेव्हा तिचा चेहरा पडला होता. "गेलं! आता गेलं पाळणाघर!"

पण धोंडू फलकाजवळ उभा राहून एकेक अक्षर वाचत होता.

"काढणे. काढलं न्हाई. उचलणे. उचललं न्हाई. सरकवणे. हललंबी न्हाई, जाग्यावर हाय. मावशे, ह्यात टोचण्याबद्दल काही लिहिलेलं न्हाई."

दोघांनी आच्छादनाखाली वाकून पाहिलं. अंधारात पांढऱ्या काठावर उन्हाचे बारीक बारीक ठिपके पडले होते. तीस-चाळीस तरी असतील. दोघं बघत राहिले. सूर्य सरकला तसे ठिपकेही सरकले. काठावरून चालत चालत पुढे निघाले.

"जागा झाला गं लेप," धोंडू हळूच म्हणाला.

त्या दिवसापासून पाळणाघरात एक नवा खेळ सुरू झाला. सकाळी पोरं डोणीभोवती गोल करून टाळ्या वाजवायची आणि मावशी मधे फुगडी घालायची. एकटीच. घुमत घुमत, पाठ डोणीकडे करून. प्रत्येक गिरकीला खसाखस, खसाखस. पोरं हसून हसून लोळायची. अस्वलाचं पोर रोज म्हणायचं, "मावशी, अजून एक!" आणि मावशी धापा टाकत अजून एक गिरकी घ्यायची. एवढ्या वर्षांत तिच्या काट्यांचा कुणाला पहिल्यांदाच उपयोग होत होता.

आच्छादनाची चाळण झाली. वारा खेळू लागला, पानं वाळली. पळसाचीच पानं ती, वाळली की त्यांचा चुरा होतो. आठ दिवसांनी डोणीवर आच्छादन म्हणून उरलं होतं ते एवढंच: चारी बाजूंची शिवलेली किनार आणि एका कोपऱ्यात लोंबणारा लाखेचा शिक्का. डोण उन्हात लखलखत होती आणि पोरं तिचा काठ मनसोक्त चाटत होती. दोघांचे जुलाब थांबले, मग दहांचे, मग सगळ्यांचे. नवीन कुणी आजारी पडेना.

आणि पहिलं मोहाचं फूल टपकन जमिनीवर पडलं.

फुलाबरोबर बगळेसाहेब आले. आणि त्यांच्या मागोमाग, बाळांनो, स्वतः वाघमहाराज आले. त्यांच्या तोंडात मानेला धरलेला बाळराजे होता. बाळराजे म्हणजे महाराजांचा एकुलता एक बछडा. त्याचं पोट इतकं बिघडलं होतं की तो चिंधीसारखा लोंबत होता.

झालं होतं असं. राजगुहेतल्या डोणीला लेप लावला होता. पण राजाची डोण ती. तिच्यावर चारपदरी आच्छादन होतं, त्यावर मोरपिसांची झालर होती, आणि डोण गुहेच्या अगदी आतल्या दालनात होती, म्हणजे तिला ऊनवारा लागू नये. बाळराजे गेल्या पंधरा-वीस दिवसांत जेवढा आजारी पडला, तेवढा जन्मात पडला नव्हता.

"कुणाच्या निष्काळजीपणामुळे हे झालं, ते मला आज कळलं पाहिजे," बछड्याला पायाशी ठेवत महाराज गुरगुरले.

बगळेसाहेबांची नजर डोणीवर गेली. ते किंचाळले, "आच्छादन! महाराज, आच्छादनाचा भंग झालेला आहे! रोग इथूनच पसरला!"

"कुणी केलं हे?" महाराजांनी विचारलं.

सगळं जंगल चिडीचूप झालं. मावशी इतकी घाबरली की तिचे काटे आपोआप उभे राहिले आणि खुळखुळायला लागले. त्या शांततेत तेवढाच आवाज होता. पळून जायला रान मोकळं होतं. पण मागे बावीस पोरं बसली होती.

"मी केलं, महाराज," ती म्हणाली. "काढलं नाही, उचललं नाही, सरकवलं नाही. टोचलं. लेपाला ऊन हवं होतं. माझी पोरं बरी आहेत. बघा तुम्ही."

महाराजांनी पाहिलं. बावीस गुबगुबीत पोरं त्यांच्याकडे टकामका बघत होती. मग त्यांनी आपल्या पोराकडे पाहिलं. पण तो पायाशी नव्हताच. बाळराजे सरपटत डोणीपाशी गेला होता आणि उन्हात तापलेल्या काठाला तोंड लावून घटाघटा पाणी पीत होता.

राजा झाला तरी बाप होता तो. त्याचा आवाज उतरला. "चार दिवस पोर इथे ठेवतो. बरा झाला तर पाळणाघर राहील. नाही झाला तर..." पुढचं तो बोलला नाही. पाळणाघरात तसलं बोलायचं नाही, हा नियम त्यालाही माहीत असावा.

चार दिवस मावशी धड जेवली नाही. बाळराजेला तिने पाला वाटून दिला, भाताची पेज कुठे मिळणार म्हणून कंद उकडून भरवले, आणि दर तासाला डोणीवर सावली तर पडली नाही ना, हे पाहून आली. तिसऱ्या दिवशी बाळराजेने अस्वलाच्या पोराचा कान चावला. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. पोर बरं झालं होतं.

मग दरबार भरला. महाराजांनी धोंडूला विचारलं, "गुण कशाने आला?"

"उन्हानं," धोंडू म्हणाला.

दरबार हसला. ऊन? ते तर सगळ्यांकडे असतं. जे सगळ्यांकडे फुकट असतं, त्याने राजाचं पोर कसं बरं होईल? महाराज बगळेसाहेबांकडे वळले. साहेबांनी एक पाय वर घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळाने उघडले.

"महाराज, राजगुहेत आच्छादन होतं, पाळणाघरात आच्छादन होतं. फरक एकच. पाळणाघरात भोकं होती. गुण भोकांचा आहे. आमचं खातं लवकरच छिद्रयोजना आणत आहे."

"तज्ज्ञांचं मत?" महाराजांनी विचारलं.

धोंडूने दोन्ही हातांनी आपली मान घट्ट धरली. पण हात दमतात हो. जरा सैल सुटले आणि मान हलली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशीला पुढे बोलावून महाराजांनी तिच्या पाठीवर शाल पांघरली. शालीला तिथल्या तिथे शंभर भोकं पडली. बगळेसाहेब गहिवरून म्हणाले, "पाहिलंत? ही खरी साधना!"

त्यानंतर त्या जंगलात प्रत्येक डोणीवर सरकारी मापाच्या भोकांचं आच्छादन आलं. सुतार पक्ष्यांना मान वर करायला फुरसत मिळेना. काय ती भोकं! एकसारखी, गोल, ओळीत. सगळं जंगल बघायला लोटलं. आणि मग, बाळांनो, एक शांतता पसरली. अस्वलीण म्हणाली, "किती छान आहेत गं. बुजतील बाई!"

म्हणून प्रत्येक भोकावर एकेक छोटं झाकण बसवण्यात आलं.

पाळणाघराच्या डोणीकडे मात्र कुणी फिरकलं नाही. तिथे शिक्का लोंबत होता, म्हणजे तिथलं काम झालेलं होतं. मोहाची फुलं पडून गेली, पाळणाघर राहिलं. बाळराजे तर जायलाच तयार होईना. वाघिणीला रोज त्याला ओढत न्यावं लागे.

शालीची मावशीने लंगोटं केली. भोकं असल्यामुळे ती लवकर वाळायची.

आणि एका दुपारी तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने ढोलीतून चटईची गुंडाळी खाली काढली. सात वर्षांची गाठ दातांनी सोडली. पानं उलगडली. आत अर्धी चटई वाळवीने खाल्ली होती.

 वाईट वाटलं मावशीला, खूप वाटलं. लेकीने किती बारीक विणली होती. मग तिने उरलेली अर्धी झटकली, डोणीशेजारी उन्हात अंथरली आणि तिच्यावर आडवी झाली. पाठीला बरं वाटलं. ती उताणी होऊन आळस देत होती, तेवढ्यात बाळराजे आला, इकडेतिकडे हुंगला आणि तिच्या पोटाला चिकटून झोपला. साळिंदराच्या पोटाला काटे नसतात, बाळांनो. ही गोष्ट मावशीच्याही इतके दिवस ध्यानात आली नव्हती. तिने हळूच त्याच्या अंगावर हात ठेवला. मागून अस्वलाचं पोर आलं, मग पाडस आलं. अर्ध्या चटईवर जेवढी मावली तेवढी पोरं झोपली. बाकीची वाट बघत रांगेत उभी राहिली.

पलीकडे खडकावर धोंडू ऊन खात होता. बगळेसाहेबांनी जाता जाता त्याला विचारलं, "झाकणं धुळीने खराब होतायत. त्यांच्यावर एखादं आच्छादन घालावं का?"

काय झालं असेल, ते सांगायला नको.

तात्पर्य: मुलांनो, नवी वस्तू घरात आली की तिच्यावरचं वेष्टण कधीही काढू नये. वस्तू पुष्कळ टिकते. आपण टिकलो नाही, तरी मागच्यांना ती नवीच्या नवी मिळते. आणि पोरं आजारी पडलीच, तर ती अर्ध्या चटईवाल्या बाईकडे नेऊन सोडावीत. फक्त तिच्याकडे शिक्का लोंबतोय ना, तेवढं आधी बघून घ्यावं.